मदत हवी आहे: जुन्या ट्रेलरच्या भिंतीवरचे काळे डाग रंगाखालून पुन्हा वर येताहेत

रानवारा
नमस्कार. मे महिन्यात आम्ही एक जुना ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढून न्यायचा, आत राहायची सोय असलेला. आतून सगळा तपकिरी पिवळट प्लाय होता, तो पांढरा रंगवला. दोन हात दिले. समोरच्या खिडकीखाली आठवड्याभरात काळे डाग परत दिसायला लागले. तिसरा हात दिला, पुन्हा तेच. मग दुकानातून महागातला रंग आणला, त्यातूनही डाग वर आले. कुठला रंग लावला म्हणजे हे कायमचे झाकले जातील? लवकर सांगा, लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार, इथे अमेरिकेत सुट्टी) निघायचं आहे, तीनच आठवडे उरलेत. आई-बाबा सांगलीहून आलेत, ऑक्टोबरमध्ये परत जातील. पडदे शिवून झाले, भांडी जमवली, ही एक भिंत तेवढी अडली आहे.

सुतारपक्षी
साल कोणतं? कंपनी कोणती? बाहेरून पत्रा आहे की फायबर? डागावर अंगठा दाबला तर प्लाय आत जातो का? पाऊस पडून गेला की डाग वाढतो का? एवढं सांगा, मग रंगाचं बोलू.

डेट्रॉइटकर
शेलॅकचा प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा हात, लावा. पाण्याचे, धुराचे, लाकडातल्या गाठींचे सगळे डाग अडतात. साध्या पाण्याच्या रंगात डाग विरघळून वर येतो, शेलॅक स्पिरिटमध्ये असतं म्हणून त्यातून येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. आणि हे शेलॅक म्हणजे आपली लाखच. झारखंडच्या जंगलात पळस-कुसुमावर किडे बनवतात ती.

रानवारा
@डेट्रॉइटकर धन्यवाद, उद्याच आणते.
@सुतारपक्षी टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, १९६४ लिहिलं आहे. कंपनीचं नाव, बिल्ला काही नाही. बाहेरून पत्रा. दाबून बघितलं नाही.

सुतारपक्षी
उद्या काहीही आणू नका. आधी दाबून बघा. खरं तर दाभण घ्या आणि डागाच्या मधोमध टोचा. चांगल्या लाकडात टोक अडतं. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर मागची चौकट कुजली आहे. त्यावर शेलॅक मारलंत तर डाग दिसायचा थांबेल आणि कुजणं चालूच राहील. मी हेच केलं होतं. दीड वर्षाने समोरची अख्खी भिंत बदलावी लागली.

निळीछत्री
एवढं घाबरवू नका हो त्यांना. बाहेरून खिडकीभोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढा, दोन डॉलरचं काम. माझ्या पॉपअपच्या (घडी होणाऱ्या ट्रेलरच्या) छतावर चार वर्षं टिकलं आहे, एक थेंब आत नाही.

सुतारपक्षी
सिलिकॉन नको! जुन्या पत्र्यावर एकदा सिलिकॉन बसलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. नवं लुकण नाही, रंग नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. खरवडून काढलं तरी पातळ थर राहतोच. शिवाय पाणी वरून कुठून तरी शिरतं आणि खाली खिडकीपाशी दिसतं. खिडकी बुजवली की ते पाणी आतच कोंडतं. अशा ट्रेलरला ब्यूटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. स्क्रू आवळला की ती दबून बाहेर येते, दुसऱ्या दिवशी जादाची कापायची. ती वर्षानुवर्षं मऊ राहते.

निळीछत्री
माझा अनुभव सांगितला. पॉपअपही ट्रेलरच आहे.

सुतारपक्षी
तुमच्या पॉपअपचं छत एकसंध आहे. १९६४च्या ट्रेलरला पत्र्याचे जोड आहेत आणि प्रत्येक जोडाखाली ६० वर्षांचं वाळलेलं लुकण. दोन्हींना एक औषध चालत नाही.

जुनंतेसोनं
तुम्ही तो प्लाय रंगवलात हे वाचून फार वाईट वाटलं. तो बर्चचा प्लाय असणार, त्यावर पिवळसर शेलॅकचा हात. संध्याकाळी आत दिवा लावला की मधासारखा उजेड पडतो. लोक तो परत मिळवायला महिनोन्महिने रंग खरवडतात. डाग काढायचेच होते तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने निघाले असते. पाणी लागून काळं पडलेलं लाकूड त्याने खरंच उजळतं. रंगवण्याआधी इथे एकदा विचारायला हवं होतं.

मेथीपराठा
ज्यांच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे त्यांना अंधारा तपकिरी डबा नको वाटतो, मीही पांढराच केला. ट्रेलर त्यांचा आहे.
पण रानवारा, आधीचा कुठला रंग खरवडला असेल तर जपा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, तुमचा त्याआधीचा आहे. आणि जमिनीवर जुन्या फरश्या असतील तर त्या घासू नका, फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

रानवारा
टोचून बघितलं. डागाच्या वरच्या भागात टोक अडलं, खालच्या कोपऱ्यात दाभण मुठीपर्यंत आत गेलं. बाहेरून खिडकीभोवती आधीच्या मालकाने पारदर्शक सिलिकॉन भरलं आहे, दोन बोटं रुंद. विकताना म्हणाला होता, कधीच गळला नाही.
आता काय करू? खरंच तीन आठवडेच आहेत.

सुतारपक्षी
आता कंपनी शोधू. मागच्या बाजूला, वर, दोन्ही अंगांना पत्र्यात बुजवलेली भोकं आहेत का?

रानवारा
आहेत! प्रत्येक बाजूला. मला वाटलं अँटेनाची असतील.

सुतारपक्षी
मग ती बहुतेक शास्टा आहे आणि भोकं पंखांची आहेत. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटापासून शास्टाच्या मागे पत्र्याचे दोन पंख असत, रस्त्यावर लांबून ओळखू यायची. कुणी तरी काढून घेतले किंवा विकले. कंपनी १९४१ची, सैन्याच्या निवासासाठी ट्रेलर बनवायला सुरू झालेली. २०१५ मध्ये १९६१च्या एअरफ्लाइटची नवी आवृत्ती काढली तेव्हा म्हणूनच १९४१ नग काढले.

आता कामाचं. हे सगळे 'कॅन्ड हॅम' ट्रेलर, म्हणजे हॅमच्या डब्यासारख्या गोलसर आकाराचे, आतून बाहेर बांधलेले असतात. आधी जमीन, मग आतला प्लाय आणि कपाटं, त्यावर १ बाय २ इंची पट्ट्यांची लाकडी चौकट, सगळ्यात शेवटी पत्रा. म्हणून आतून प्लाय फाडू नका. कोपऱ्यावरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढा, खिडकी काढा, समोरचा पत्रा खालून वर सोडवा. कुजलेलं तेवढं कापा, शेजारी नवी पट्टी जोडा. पंखा लावून पूर्ण सुकवा. मग ब्यूटिल, नवे स्टेनलेस स्क्रू, जुन्यापेक्षा थोडे लांब. आणि त्यानंतर डेट्रॉइटकरांचं शेलॅक. त्यांचं उत्तर बरोबर होतं, फक्त ते शेवटचं काम आहे. सुतारकाम येणारं कुणी आहे का?

रानवारा
बाबा आहेत. ३० वर्षं आयटीआयला सुतारकाम शिकवलं त्यांनी.

सुतारपक्षी
अहो, मग हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! त्यांना लगेच ट्रेलरपाशी न्या.

पितळी_डबा
भांडी जमवली म्हणालात, कुठली? मी पायरेक्सची जुनी काचेची भांडी जमवते. फिरोजी रंगाचे, कोंबडा आणि शेतकरी जोडप्याचे वाडगे असतील तर ते बटरप्रिंट, १९५७ पासूनचे. डिशवॉशरमध्ये अजिबात घालू नका, चित्र पांढुरकं होऊन मरतं. हाताने, मऊ स्पंजने. मला चारातला सर्वात मोठा मिळत नाहीये, जास्तीचा असेल तर सांगा. माझ्या आजीच्या चिनी मातीच्या बरण्या आणि हे वाडगे एकाच फळीवर ठेवले आहेत, फार छान दिसतात.

रानवारा
@पितळी_डबा हो, तेच, इस्टेट सेलमध्ये, म्हणजे एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं तिथे, मिळाले. तीनच आहेत, मोठा नाही. पडदे आईच्या जुन्या इरकलीचे, काठ खाली ठेवून.

मुंबईकर_७२
इथे मुंबईत असे ट्रेलर कुठे मिळतील? चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मर्फीचे रेडिओ, जुनी घड्याळं, एनॅमलच्या पाट्या सगळं मिळतं, पण ट्रेलर कधी दिसला नाही. अमेरिकेतून आणायला साधारण काय खर्च येईल?

मेथीपराठा
@मुंबईकर_७२ त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे यांची भिंत उघडी आहे.

तळ्याकाठी
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. ओढणार कशाने? जाणार कुठे? ट्रेलरला ब्रेक आहेत का?

रानवारा
टोयोटा सिएना, आमची व्हॅन. मॅकिनॉ पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात. ब्रेकचं माहीत नाही, चाकं तर चांगली दिसतात.

तळ्याकाठी
मी मिशिगनमध्येच राहतो, तो पूल ट्रेलर घेऊन ओलांडला आहे. पाच मैल, आणि वारा असला की मागचं खोकं अंग झटकायला लागतं. सिएना ३५०० पौंडांपर्यंत ओढते, पण तुम्ही सगळे आणि सामानही त्याच गाडीत असणार, मॅन्युअल वाचा. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर भरलेला ट्रेलर तोलून घ्या. त्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा, कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा हलतो. हिचचा बॉल १ ७/८ इंची की २ इंची ते कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या बॉलवर बसणाऱ्या टोकावर, कोरलेलं असतं, तोच वापरा. टायर 'चांगले दिसतात' यावर जाऊ नका. बाजूवर डॉट अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे बघा. २३१२ म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

आणि लेबर डेच्या सकाळी मॅकिनॉ पुलावर चालण्याचा कार्यक्रम असतो. तेव्हा पूल गाड्यांना बंद असतो.

रानवारा
टायर बघितले. ३४०९.

तळ्याकाठी
२००९. हा ट्रेलर तुम्ही मे महिन्यात घरी कसा आणलात, देव जाणे. आधी टायर.

रानवारा
उशिरा लिहिते आहे, माफ करा. पत्रा शनिवारी काढला. कोपऱ्याच्या पट्टीखालचं लुकण खडूसारखं झालं होतं, बोट लावलं की चुरा. पाणी खिडकीतून येतच नव्हतं. वर छताच्या जोडातून शिरून चौकटीवरून उतरत होतं आणि सिलिकॉनने खाली अडत होतं. खिडकीखालची आडवी पट्टी ओल्या चहाच्या चोथ्यासारखी बाबांच्या हातात आली. दोन उभ्या पट्ट्या अर्ध्या गेल्या होत्या, वरचं लाकूड मात्र कोरडं, खणखणीत. प्लायच्या मागे कुणी तरी पेन्सिलने मापं लिहून ठेवली आहेत, तिरक्या आकड्यांत. बाबा बराच वेळ ते बघत उभे होते. मग म्हणाले, मी पण पोरांना असंच लिहायला लावायचो. तो तुकडा त्यांनी कापला नाही, शेजारून नवी पट्टी जोडली.

पूल रद्द. टायर नवे घेतले, ब्रेक दाखवायला दिले आहेत. सप्टेंबरच्या मध्यावर मिशिगन तळ्याकाठच्या लडिंग्टनला जाणार, शंभर मैलांच्या आत. भिंतीवर शेलॅकचा प्राइमर, मग पांढरा रंग. कपाटांच्या दारांवरचा रंग मात्र खरवडून बघते आहे, शिशाची चाचणी करून. @जुनंतेसोनं, एका दाराखाली बर्च निघाला. तुम्ही म्हणालात तसाच आहे.

शास्टाचे मूळ पंख कुणाला कुठे दिसले तर सांगा. नवे बनवलेले मिळतात, पण आधी जुने शोधून बघायचे आहेत.

सुतारपक्षी
बाबांना नमस्कार सांगा. पत्रा परत बसवताना स्क्रू मधून सुरू करून कडेला जा, नाही तर फुगतो. ओहायोत एकाच्या गोठ्यात एक जोडी पाहिली आहे. तुमच्या भोकांमधलं अंतर किती?