गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके, झाडं बोडकी होत चाललीत. उपाय सुचवा

अंगण कोल्हापूर
नमस्कार मंडळी. आमच्या अंगणात अकरा गुलाब आहेत, सात कुंडीत आणि चार जमिनीत. जमिनीतला एक सासूबाईंनी लावलेला देशी, बाकीचे नर्सरीतले कलमी. आषाढात झाडं छान होती. श्रावणाची रिपरिप सुरू झाली आणि खालच्या पानांवर काळे ठिपके दिसायला लागले. आधी टिकलीएवढे, मग पान पिवळं पडतं आणि नुसतं बोट लावलं तरी गळून हातात येतं. लाल ग्लॅडिएटर (कलमी गुलाबाची जात) आहे, त्याच्या शेंड्याला आता चार पानं आणि एक कळी उरलीय. देशी गुलाब मात्र हिरवागार आहे.

नर्सरीतून बिनलेबलची एक बाटली मिळाली, ‘झाकणभर टाका’ म्हणाले. दोनदा मारली. ठिपके तसेच, वर कोवळ्या पालवीच्या कडा करपल्या. आता काही फवारायचं म्हटलं की हात थांबतो. कुठलं औषध, किती घ्यायचं? आणि औषधाशिवाय काय करता येईल? देशीची फुलं पूजेला आणि गुलकंदाला लागतात, त्यावर विषारी काही नको.

गच्चीबाग सांगली
ताई, ती बाटली आधी बाजूला ठेवा. आत बुरशीनाशक आहे की कीटकनाशक तेच माहीत नसेल तर प्रमाण कोण सांगणार? आता एक पान उजेडात धरा. ठिपक्याची कड गुळगुळीत आहे की झालरीसारखी फाटलेली? आणि पानावर पांढरी पावडर आहे का?

अंगण कोल्हापूर
कड फाटलेली आहे. शाई टीपकागदावर पसरते तशी. भोवती पिवळं. पांढरं काही नाही.

पॉलिहाऊस मावळ
मग हा काळ्या ठिपक्यांचाच रोग, डिप्लोकार्पन रोझी नावाची बुरशी. गेली बरीच वर्षं गुलाबातच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या बुरशीला पानावर पाणी लागतं. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की बीजाणू रुजतो, आणि ठिपका दिसायला पुढे तीन ते दहा दिवस जातात. म्हणजे आज दिसणारा ठिपका गेल्या आठवड्यातल्या पावसाचा आहे. फवारलं तरी तो जात नाही, जाणारही नाही. औषध लागू पडलं की नाही हे नव्या पानांवरून ठरवायचं.

दुसरी गोष्ट गळलेल्या पानांची. रोग त्यांच्यातच टिकून राहतो आणि पावसाचा थेंब त्यावर आपटला की शिंतोड्याबरोबर खालच्या फांदीवर चढतो. म्हणून सुरुवात नेहमी खालून होते. रोज सकाळी कुंडीतली, बुंध्यातली पानं वेचा, झाडावरची ठिपकेवाली खुडा, आणि कचऱ्यात द्या. घरच्या कंपोस्टमध्ये अजिबात नको, तिथे ढीग पुरेसा तापत नाही. एवढं एक काम मनापासून केलंत तर निम्मी लढाई तिथेच संपते. मी हे पोटतिडकीने सांगतोय, कारण लोक महागडं औषध आणतात आणि खाली पानांचा सडा तसाच ठेवतात.

कुंड्या कुठे आहेत? पत्र्याखाली असतील तर पागोळ्या थेट झाडावर पडत असणार.

अंगण कोल्हापूर
अगदी तसंच आहे! सातही कुंड्या पत्र्याच्या कडेला, एकमेकींना चिकटून. देशी गुलाब पूर्वेच्या कुंपणाशी मोकळ्यावर आहे, सकाळचं ऊन सगळ्यात आधी त्याच्यावर येतं.

पॉलिहाऊस मावळ
तर मग उत्तर तुमच्या अंगणातच आहे. देशीची जात काटक असेलही, पण त्याचं पान लवकर वाळतं हे महत्त्वाचं. कुंड्या हलवा, दोन झाडांत दीड-दोन फूट जागा ठेवा, मधल्या गुंतलेल्या काड्या काढा. उघडीप असेल तेव्हा पाणी सकाळी आणि बुंध्यालाच.

औषध म्हणाल तर मॅन्कोझेब ७५ टक्के पावडर, लिटरला २ ग्रॅम, सोबत थोडं स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारा द्रव). पावसाने उसंत दिलेल्या सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना, साधारण दहा दिवसांनी पुन्हा. हे फक्त निरोगी पानाचं रक्षण करतं. आटोक्यात येत नसेल तर मधली एखादी फवारणी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, लिटरला १ मिली. असं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शोषलं जाणारं, औषध सारखं मारू नका, बुरशी त्याला सरावते. हातमोजे, मास्क हवेतच. देशीवर यातलं काहीही नको, आणि शेजारच्या झाडांवर फवारताना त्याच्यावर जुनी चादर टाका.

परसबाग ठाणे
मी दूध-पाणी मारते, एकास नऊ. माझ्या गुलाबांना गुण आला. ताईंनी करून बघावं का?

गच्चीबाग सांगली
तुमच्याकडे भुरी असावी, पानावर पांढरी पावडर येते तो बुरशीचा रोग. दुधाचा उपयोग भुरीवर होतो, काळ्या ठिपक्यांवर त्याचा भरवसा धरू नये. आपल्याकडे भुरी येते ती थंडीत: दिवसा कोरडं ऊन, रात्री गारवा आणि दमट हवा. कोवळी पानं वाकडी होतात, कळीच्या देठावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. तिला पानावर पाणी नकोच असतं, सकाळी पानं धुतली तर ती उलट कमी होते. काळ्या ठिपक्यांत तेच केलंत तर रोग वाढवाल. म्हणून आधी ओळख पटवा म्हणते.

भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण पारा तिशीच्या वर चढला असेल तर नको, पानं भाजतात. नीमतेल मारलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडेही गंधक नको. मी ही चूक केलीय, पाच झाडांची पालवी एका दुपारी तपकिरी झाली.

मोरचूद चुना
बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना) मारू का असं कुणी तरी विचारेलच, म्हणून सांगतो. सततच्या ओल्या हवेत तांबं गुलाबाच्या पानाला बाधतं, तेव्हा सध्या फवारू नका. त्याची पेस्ट मात्र ऑक्टोबरच्या छाटणीला हवीच. छाटलेल्या टोकापासून काडी काळी पडत खाली वाळत येते ना, ती मर कापलेल्या जागेतूनच आत शिरते.

१०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात. मग एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडी खिळा त्यात जरा वेळ बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी ब्रशने लावून संपवायची. वाळलेली काडी कापताना आतलं लाकूड पांढरट-हिरवं दिसेपर्यंत खाली या. आत तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

अंगण कोल्हापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कुंड्या हलवल्या. खालची पानं वेचली तर अर्धी बादली भरली! पाऊस थांबला की मॅन्कोझेब. ग्लॅडिएटर आत्ताच छाटू का?

पॉलिहाऊस मावळ
नको. आहे त्या चार पानांवरच तो जगतोय. कळी खुडा म्हणजे जोर पानांकडे जाईल, खतही आत्ता देऊ नका. पाऊस पुरता सरला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटा, लगेच पेस्ट लावा. नवी पालवी फुटली की फोटो टाका.