५ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी : पोर्तुगालचा राजा गेला तेव्हा गोव्यात काय झालं?

लिस्बनवासी
नमस्कार मंडळी, मी मूळची चिपळूणची, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं लिस्बनला असते. परवा ५ ऑक्टोबरला इथे सुट्टी होती. जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या, मी आपलं सवयीने म्हटलं स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. तर त्या थांबल्याच, म्हणाल्या, अगं आम्हाला कुणापासून स्वातंत्र्य मिळायचं होतं, आम्ही आमच्याच राजाला घालवलं तो हा दिवस. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की घरी आल्यावर आधी वाचत बसले.

तर झालं असं की १९०८ मध्ये इथल्या राजाला आणि थोरल्या राजपुत्राला लिस्बनमध्ये भर चौकात गोळ्या घातल्या, मग धाकटा मानुएल गादीवर आला, आणि दोनच वर्षांत बंड झालं, ५ ऑक्टोबर १९१० ला सकाळी इथल्या नगरपालिकेच्या बाल्कनीतून जोझे रेल्वास यांनी रिपब्लिक जाहीर केलं. राजा तेव्हा वीस वर्षांचा, एरिसेराच्या किनाऱ्यावरून होडीत बसला तो जिब्राल्टर आणि तिथून इंग्लंड. ती बाल्कनी मी रोज बसमधून बघते आणि मला पत्ताच नव्हता!

आता माझे दोन प्रश्न आहेत. एक, आपल्याकडे इंग्रज तर १५ ऑगस्टलाच गेले, मग २६ जानेवारीला आपण नक्की कुणाला घालवलं? शाळेत "राज्यघटना लागू झाली" एवढं एक वाक्य पाठ केलंय, त्यापुढे खरंच काही माहीत नाही. आणि दुसरा जास्त मनातला, माझ्या आईचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, म्हणजे १९१० ला आमचे पणजोबा याच राजाच्या राज्यात होते. राजा गेल्यावर त्यांच्यापर्यंत काही पोचलं का? का लिस्बनमध्ये झेंडा बदलला आणि तिकडे सगळं तसंच चालू राहिलं?

जुना_मास्तर
ताई, प्रश्न उत्तम आहे. मी सांगलीकडे तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न विचारणारी मुलं मला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच भेटली.

कुणाला घालवलं म्हणताय ना, तर राजाच घालवला. १५ ऑगस्ट १९४७ ला सत्ता आपल्या हातात आली पण आपण झालो डॉमिनियन, म्हणजे सरकार आपलं, पंतप्रधान आपले, पण कागदोपत्री देशाचा प्रमुख इंग्लंडचा सहावा जॉर्जच, आणि त्याच्या नावाने इथे गव्हर्नर जनरल, आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजाजी. "हिंदुस्थानचा सम्राट" ही पदवीसुद्धा त्याने सोडली ती २२ जून १९४८ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी! आणि कारभार चालायचा तो १९३५ च्या इंग्रजी कायद्यावर, त्यात लागतील तसे बदल करून. अडीच वर्षं आपण असे होतो आणि पुस्तकात त्याला एक ओळ मिळते याचं मला कायम वाईट वाटत आलंय.

घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. नागरिकत्व, निवडणूक आयोग अशी थोडी कलमं त्याच दिवशी लागू झाली, बाकीची घटना दोन महिने थांबवली ती २६ जानेवारीसाठी. कारण डिसेंबर १९२९ ला लाहोर काँग्रेसमध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता आणि २६ जानेवारी १९३० ला गावोगाव लोकांनी त्याची शपथ घेतली होती, पुढे सतरा वर्षं लोक हाच स्वातंत्र्यदिन पाळत होते, त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मग खरं स्वातंत्र्य आलं ते भलत्याच तारखेला. ही तारीख वाया जाऊ द्यायची नाही म्हणून प्रजासत्ताकासाठी ती राखली.

घटनेचं शेवटचं कलम, ३९५, कधीतरी वाचा. दोन ओळींचंच आहे पण माझ्या मते अख्ख्या घटनेतलं सगळ्यात ताठ मानेचं कलम. त्यात १९३५ चा कायदा तर रद्द केलाच, पण ब्रिटिश पार्लमेंटने आपल्याला स्वातंत्र्य देणारा जो १९४७ चा कायदा केला तोसुद्धा रद्द केला. म्हणजे आमचं स्वातंत्र्य तुमच्या कायद्यातून आलेलं नाही, ते आमच्या लोकांकडून आलंय. २६ जानेवारी १९५० ला सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी दरबार हॉलमध्ये घोषणा झाली आणि सहा मिनिटांनी राजेंद्रप्रसादांनी शपथ घेतली. राजा गेला तो असा, होडीबिडी काही लागली नाही.

गोव्याचं मात्र तिकडच्याच कुणीतरी सांगावं.

फोंडेकर
सांगतो. आमच्या घरात पाच ऑक्टोबर हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ताई, तुमच्या पणजोबांपर्यंत पोचलं, आणि चांगलंच पोचलं. पेडणे काय, आमचं फोंडं काय, ह्या नव्या काबिजादी, म्हणजे पाखल्यांनी (पोर्तुगीजांना आम्ही पाखले म्हणतो) अठराव्या शतकात घेतलेले भाग, इथे वस्ती बहुतेक हिंदूंची. राजाच्या काळात कॅथलिक धर्म हा सरकारी धर्म होता. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १८१२ लाच कायमचं बंद झालं होतं, छळ उरला नव्हता, पण राज्याचाच एक धर्म असला की बाकीचे आपोआप दुय्यम होतात, ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही. रिपब्लिक आलं आणि एप्रिल १९११ ला त्यांनी चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा केला. तिकडे लिस्बनमध्ये त्यावरून पाद्री आणि सरकार यांची केवढी भांडणं झाली, पण इकडे आमच्या माणसांना त्याच कायद्याने सरकारदरबारी बरोबरीने उभं राहता आलं. हिंदू पोरं लिसेंवात, म्हणजे सरकारी पोर्तुगीज हायस्कुलात, जायला लागली, नोकऱ्यांत शिरली, मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांना एकदम बहर आला. आमचे पणजोबा आमच्या वाड्यावरचे पहिले सरकारी कारकून, आणि आजोबा सांगायचे की पणजोबा पाच ऑक्टोबरला देवापुढे नारळ फोडायचे. पोर्तुगालच्या रिपब्लिकसाठी फोंड्यात नारळ! मला लहानपणी याचं काही वाटायचं नाही, आता विचार केला की अंगावर काटा येतो.

पण हे टिकलं नाही. १९२६ ला लिस्बनमध्ये लष्कराने बंड केलं, मग सालाझार हा हुकूमशहा आला, आणि १९३० ला त्यांनी वसाहतींसाठी जो कायदा काढला त्यात सरळ लिहिलं की वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हे पोर्तुगालचं ऐतिहासिक काम आहे. वीस वर्षांपूर्वी ज्यांना बरोबरीचे नागरिक म्हटलं त्यांना परत खालच्या पायरीवर बसवलं. त्या वेळी लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी जुलै १९३० ला कौन्सिलमध्ये उभं राहून गोव्याच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव मांडला. हा माणूस जन्माने कॅथलिक, मोठ्या घरातला, पोर्तुगीजमध्ये लिहिणारा आणि रिपब्लिकवर मनापासून विश्वास ठेवणारा. पणजीत त्यांच्या नावाची संस्था आहे, लोक तिथे प्रदर्शन बघायला जातात, पण नाव कशासाठी दिलंय ते विचारा म्हणजे कळेल. पुढे तर लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा सेन्सॉरची परवानगी लागायची, म्हणून तर १८ जून १९४६ ला मडगावला लोहियांनी सभा घेतली तेव्हा पहिली मागणी नागरी हक्कांची होती.

आणि एक लक्षात घ्या, एवढं सगळं होत असताना पोर्तुगालचं नाव रिपब्लिकच होतं. पाच ऑक्टोबरची सुट्टी चालूच होती.

स्पष्टवक्ता_७७
फोंडेकरांनी जे लिहिलंय त्यावरून मला तर उलटंच वाटायला लागलंय. राजा नाही म्हणजे रिपब्लिक, त्या शब्दाचा अर्थ तेवढाच. तिकडे सालाझारचं रिपब्लिक आणि इकडे ब्रिटन, नॉर्वे, जपान, राजा आहे आणि लोकशाही उत्तम चाललीये. मग ह्या दिवसाचं एवढं कौतुक का करायचं? १५ ऑगस्ट समजू शकतो, त्या दिवशी खरंच काहीतरी मिळालं. २६ जानेवारी मला कायम सरकारी कार्यक्रम वाटत आलाय, परेड बघायची आणि झोपायचं.

तोरिनोचा_विद्यार्थी
मी इटलीत शिकतो, इथे २ जून. थोडक्यात सांगतो कारण पेपर आहे उद्या. १९४६ ला इथे लोकांनाच विचारलं, राजा हवा का रिपब्लिक, आणि देशपातळीवर बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते ह्याच वेळी. सव्वा कोटींवर मतं रिपब्लिकला आणि एक कोटीवर राजाला, म्हणजे एकतर्फी अजिबात नव्हतं, दक्षिणेकडे तर राजालाच जास्त मतं पडली. हरलेला राजा उंबेर्तो कुठे गेला माहितीये का लिस्बनवासी ताई? तुमच्याकडेच, काश्काईशला! ज्या देशाने स्वतःचा राजा हाकलला त्यांनीच हा सांभाळला. आणि स्पष्टवक्ता, सुट्टीला किंमत नाही असं पण नाही हो, १९७७ ला इथल्या सरकारने काम बुडतं म्हणून हा दिवस जूनच्या पहिल्या रविवारी ढकलला आणि मग २००१ ला परत २ जूनला आणावा लागला.

जुना_मास्तर
स्पष्टवक्ता, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. नुसता राजा जाऊन भागत नाही हे सालाझारने दाखवलंच. पण म्हणूनच तर बघायचं की राजा गेल्यावर त्याच्या जागी कोण बसलं. पोर्तुगालचंच घ्या, १९११ च्या निवडणुकीत कारोलिना बियात्रिझ आंजेलु नावाच्या डॉक्टर बाईंनी मत दिलं. कायद्यात लिहिलं होतं लिहिता वाचता येणारा किंवा कुटुंबप्रमुख असलेला नागरिक, त्या विधवा होत्या, घर त्यांच्यावर चालायचं, त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. मग रिपब्लिकने काय करावं? १९१३ ला कायदाच बदलला आणि "पुरुष" असा शब्द घातला, वर ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बाहेर काढलं. आणि आपल्याकडे १९५० ला बहुतेक जनता निरक्षर, दारिद्र्य एवढं, फाळणीच्या जखमा ताज्या, तरी घटनेने पहिल्याच दिवशी २१ वर्षांवरच्या प्रत्येक बाईमाणसाला आणि पुरुषाला मत दिलं. शेतमजूर बाईचं मत आणि संस्थानिकाचं मत एकच. हे जगात कुठेही सहज झालेलं नाही हो, आणि आपण परेड बघून झोपतो! पहिल्या निवडणुकीच्या यादीत कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, म्हणून जवळपास अठ्ठावीस लाख नावं काढावी लागली. आम्ही नागरिक आहोत, आम्हाला नाव आहे, हे तिथून शिकायचं होतं.

मराठीत आपण प्रजासत्ताक म्हणतो, प्रजेची सत्ता, मला हा शब्द फार आवडतो. उद्देशिकेत मराठीत गणराज्य आहे, तेही बरोबर, पण काल जी प्रजा होती तिचीच आज सत्ता, हे जे उलटंपालटं झालं ते ह्या शब्दात ऐकू येतं.

फोंडेकर
मास्तर, मतावरून आठवलं. आमच्याकडे २६ जानेवारी उशिरा आला. १९ डिसेंबर १९६१ ला पाखले गेले आणि महिनाभरात २६ जानेवारी १९६२, गोव्याचा पहिला, तेव्हा कारभार लष्करी गव्हर्नर कॅन्डेथ यांच्याकडे होता. पण माझी आजी तो दिवस सांगत नाही, ती सांगते डिसेंबर १९६३, विधानसभेची पहिली निवडणूक. तिच्या सासऱ्यांनी म्हणजे त्या नारळवाल्या पणजोबांनी तिला सकाळीच तयार व्हायला सांगितलं, म्हणाले आज स्वयंपाक मागाहून. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे, काठी टेकत तिच्याबरोबर गेले. रांगेत म्हाताऱ्याच्या पुढे त्याची सून. राजा, रिपब्लिक, सालाझार सगळं बघितलं त्या माणसाने, आणि हे शेवटी.

स्पष्टवक्ता, राग मानू नका, पण सरकारी कार्यक्रम म्हणालात ते मला लागलं.

स्पष्टवक्ता_७७
राग कसला. तुमच्या आजीचं वाचून मी आईला फोन केला, तिने पहिलं मत कधी दिलं ते मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. सुट्टीचं कौतुक का, या प्रश्नावर मी अजून पूर्ण पटलेलो नाही, पण ३९५ कलम वाचलं. मास्तर म्हणतात तसंच आहे.

लिस्बनवासी
सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे दोनदा वाचलं. काल मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये आजींना सांगितलं की माझ्या आईच्या माहेरी तुमच्या रिपब्लिकसाठी नारळ फोडत असतील. त्यांना आधी कळेचना, मग फोंडेकरांच्या पणजोबांची सगळी गोष्ट सांगितली तर डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, आम्हाला शाळेत गोव्याबद्दल असलं काही शिकवलं नाही, आम्हाला फक्त नकाशा दाखवायचे, हे सगळं आपलं म्हणून. कर्जाच्या संकटात इथल्या सरकारने ५ ऑक्टोबरची सुट्टीच काढून टाकली होती, २०१३ ते २०१५ लोक कामावर गेले, २०१६ ला परत आली, ते सांगताना अजूनही चिडल्या.

मग मी विचारलं तुम्ही पहिलं मत कधी दिलं. २५ एप्रिल १९७५ म्हणाल्या, हुकूमशाही गेल्यावर बरोबर एका वर्षाने झालेली निवडणूक, तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, मुलगी कडेवर, आणि रांग चौकाला वळसा घालून गेली होती. फोंडेकर, तुमच्या आजीच्या नंतर अकरा वर्षांनी.

आज पेडण्याच्या मामांना फोन लावतेय. माळ्यावर पणजोबांच्या कागदांची एक ट्रंक आहे असं आई म्हणते, पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे कुणी उघडून वाचलेली नाही. फोटो पाठवा म्हणून सांगते, आजी वाचून द्यायला तयार आहेत.