मदत हवी आहे : शिडाच्या वाशाला मराठीत काय म्हणतात?

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरालगतच्या क्लॅडा या एकेकाळच्या आयरिशभाषक कोळीवाड्यावर लेख लिहितेय. (तिथली गवताने शाकारलेली घरं १९३०च्या दशकात पाडली, बाहेर नाव उरलंय ते क्लॅडा नावाच्या अंगठीमुळे.) गाडी अडलीय होड्यांपाशी. ग्लोचोग आणि पूकान या तिथल्या दोन प्रकारच्या होड्यांचा सांगाडा सारखाच, फरक मुख्य शिडाचा. ग्लोचोगचं शीड वर ज्या तिरक्या वाशाला बांधतात, त्याचं एक टोक डोलकाठीला टेकलेलं असतं. पूकानचा वासा मात्र डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो. शब्दकोशांत शीड, डोलकाठी, सुकाणू यापुढे माझी मजल गेली नाही. इंग्रजी शब्द नकोत, घडवलेले संस्कृत तर त्याहून नकोत. मालवण-रत्नागिरीकडे शिडाची होडी चालवलेल्यांच्या बोलण्यात या दोन वाशांना वेगवेगळी नावं आहेत का?