फौजदारी वकिलाच्या ज्युनियरला दरमहा पैसे देणे बंधनकारक असावे का?

शिवाजीनगर कोर्ट, तिसरे वर्ष

वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलाला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. त्यामुळे माझ्या ओळखीच्या बहुतेक ऑफिसांत ते परिपत्रक कुणी वाचलेलेही नाही. दिवाणीचे काय ते तिकडच्यांनी ठरवावे. फौजदारीत मात्र हे बंधनकारक व्हायला हवे, आणि ते ज्युनियरवरच्या दयेपोटी नव्हे, तर आरोपीसाठी.

गेल्या पावसाळ्यात चोरीच्या गुन्ह्यातला आमचा एक अशील एम.सी.आर.मध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, येरवड्याला होता. अशा गुन्ह्यात साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण तो अर्ज करून मागावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झाले की हक्क संपतो. पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा, हा जुना घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मिटवला : तो दिवस धरायचा. मी बोटांवर दोनदा आणि कॅलेंडरवर एकदा मोजले आणि एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज घेऊन फाइलिंगच्या खिडकीशी उभा राहिलो. दोषारोपपत्राचा गठ्ठा घेऊन हवालदार आले तेव्हा बारा वाजून गेले होते. माणूस सुटला.

त्या महिन्यात मला पेट्रोलपुरते दोन हजार मिळाले. मी आईवडिलांच्या घरी राहतो, म्हणून त्या खिडकीशी उभा राहू शकलो. माझ्याबरोबर सनद घेतलेला नांदेडचा मित्र खोलीभाडे झेपेना म्हणून आठव्या महिन्यात एका बँकेच्या वसुली विभागात गेला, आणि तो माझ्याहून चांगला वकील होता.

तालुक्याचा वकील, ३१ वर्षे

आपला अर्ज वेळेत पडला याचा आनंद आहे. परंतु आपण दिलेला दाखला माझ्या बाजूचा आहे. दिवस मोजायला, अर्ज कुठे लावायचा आणि शिरस्तेदाराशी काय बोलायचे हे आपणांस कुणी शिकवले? कॉलेजने खचितच नाही.

आता हिशेब ऐका. फौजदारी अशील जामिनाआधी पाय धरतो आणि जामिनानंतर फोन उचलत नाही. ठरलेल्या फीपैकी निम्मी हाती आली तर मी ते साल चांगले गेले असे म्हणतो. माझ्याकडे दोन ज्युनियर आहेत. पंधरा हजारांप्रमाणे महिन्याला तीस हजार होतात, आणि सोयाबीन पडल्या भावाने गेले की आमच्या तालुक्यात तेवढी फी जमतही नाही. आपण बंधन घाला, मी उद्यापासून एक टायपिस्ट ठेवीन, ज्युनियर घेणार नाही.

आणखी एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना उलटतपासणी नको असते, तीन वर्षे वकिली केल्याचे प्रमाणपत्र हवे असते. त्यांनाही मी पगार द्यायचा काय?

शिवाजीनगर कोर्ट, तिसरे वर्ष

प्रमाणपत्रापुरते येणाऱ्यांबद्दल आपले म्हणणे मान्य. पण टायपिस्टला द्यायला आपल्याकडे पैसे आहेत, हेही आपणच लिहिले आहे.

साताऱ्याची, सध्या लेस्टर

मी इंग्लंडमध्ये फौजदारी बचावाच्या एका लहान फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर, म्हणजे शिकाऊ वकील, आहे. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, म्हणून आमचे सुखात चालले आहे असे समजू नये. ट्रेनीच्या किमान पगाराचे खास बंधन इथल्या नियामक संस्थेने २०१४ मध्ये काढून टाकले आणि तेव्हापासून खाली आधार उरला तो देशाच्या सर्वसाधारण किमान वेतनाचा.

काम मात्र वेगळे आहे. १९८४ च्या कायद्याने पोलीस ठाण्यात अटकेतल्या प्रत्येकाला, तो लखपती असला तरी, वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, आणि चौकशी चालू असेपर्यंत वकील शेजारच्या खुर्चीत बसून असतो. पोलीस ठाण्याच्या कामाची मान्यता मिळाली की रात्री दोनचा फोन ट्रेनीलाही येतो. आधी अधिकाऱ्याकडून पुरावा काय आहे ते काढून घ्यायचे, मग कोठडीत अशिलाशी एकांतात बोलायचे आणि उत्तरे द्यायची की गप्प राहायचे ते ठरवायचे. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, कलम ३८ चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देते, पण पूर्ण वेळ बसू देत नाही. हा फरक पगारापेक्षा मोठा आहे.

या कामाचे पैसे सीनियरच्या खिशातून नव्हे, तर सरकारी कायदेसाहाय्यातून येतात. तेही पुरत नाहीत : २०२१ च्या अखेरीस फौजदारी कायदेसाहाय्याचा आढावा घेणाऱ्या बेलामी अहवालाने किमान १५ टक्के वाढ सुचवली, सॉलिसिटरांना तेवढी मिळाली नाही, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आपण दोघे मात्र तालुक्यातल्या एका माणसाच्या खिशावरून भांडत आहात.

सहाय्यक लोक अभिरक्षक

सरकारी पैसा आपल्याकडेही आला आहे, त्याचे नाव या चर्चेत कुणी घेतले नाही म्हणून लिहिते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीचा बचाव करणारे वकील, यांची कार्यालये सुरू झाली. सहाय्यकाच्या पदाला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो, मानधन दरमहा मिळते; खासगी काम घेता येत नाही आणि करार दोन वर्षांचा असतो.

सव्वा वर्षात मी जेवढे साक्षीदार तपासले, तेवढे माझ्या आधीच्या सीनियरच्या ऑफिसात पाच वर्षांत तपासायला मिळाले नसते. तिथे मी तारखा घेत असे आणि नकलेच्या रांगेत उभी राहत असे. कारागृहातल्या भेटीत मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅडम, तुम्ही सरकारी ना? मग आमच्या बाजूने कशा?’ याला माझ्याकडे अजून चांगले उत्तर नाही. ही पदे जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणून विद्यावेतनाचा प्रश्न यांनी सुटतो असे मी म्हणणार नाही.

तालुक्याचा वकील, ३१ वर्षे

लेस्टरच्या ताईंचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. माझ्यापुरते सांगतो : पहिले सहा महिने काही नाही, त्यानंतर ज्या प्रकरणात ज्युनियर स्वतः उभा राहील, त्याच्या फीचा चौथा हिस्सा त्याचा. फी बुडाली तर दोघांचीही बुडाली.

शिवाजीनगर कोर्ट, तिसरे वर्ष

चौथा हिस्सा मला चालेल. फक्त, अशिलाशी किती ठरले आणि किती आले, हे ज्युनियरला उघडून पाहता येईल अशी वही आपल्या ऑफिसात आहे का? मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्याकडे नाही.