डिझेल बुलेट: गिअरबॉक्स दुरुस्त करू की व्हेरिएटर बसवू?

मिरजेचा डिझेलवाला
वडिलांची एन्फिल्ड डिझेल (टॉरस) आहे. 325 सीसीचं ग्रीव्हज-लोम्बार्डिनी इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर, आरसीवरही डिझेलच. इंजिन नुकतंच बांधून घेतलंय, पण गिअरबॉक्समधले दुसऱ्या-तिसऱ्याचे दात गेलेत. एका मित्राचा आग्रह आहे की गिअरबॉक्स काढून स्कूटरचा व्हेरिएटर (दोन पुल्या आणि रबरी पट्टा, वेगाप्रमाणे आपोआप रेशो बदलणारा) बसव, इंजिन कायम योग्य आरपीएमला राहील आणि अ‍ॅव्हरेज वाढेल. मला हे मुळातच पटत नाही. तोच गिअरबॉक्स नीट करावा आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातांचं चाक) मोठं घ्यावं, असं माझं मत. सध्या टॉपमध्ये इंजिनचे साडेसहा फेरे झाले की चाक एकदा फिरतं. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर ताशी 50 ला इंजिन 2,700 वर. 16 दातांऐवजी 18 दात लावले की तेच 2,400 वर येतं. खर्च एका स्प्रॉकेटचा. विरोधी मत असेल तर कारणासकट मांडा.

पट्टेवाला
मी व्हेरिएटरच्या बाजूने. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन प्रत्येक स्फोटाला चेनला हाणतं, खालच्या आरपीएमवर तर जास्तच. तुमचे दात का गेले असतील, याचा आधी विचार करा. रबरी पट्टा तो धक्का पोटात घेतो. आणि हा प्रयोग आजचा नाही. हॉलंडच्या ट्रॅक कंपनीने टी-800 सीडीआय ही डिझेल मोटारसायकल काढली, तिच्यात स्मार्ट गाडीचं तीन सिलिंडरचं 800 सीसी इंजिन आणि व्हेरिएटरच होता. त्या लोकांना गिअरबॉक्स बसवता आला नसता का?

उद्यमनगर लेथ
दादा, ते इंजिन 45 हॉर्सपॉवरचं. तिथे पट्ट्यात दोन-चार हॉर्सपॉवर गेले तरी पत्ता लागत नाही. इथे सगळे मिळून साडेसहा. सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला घेऊन 50 ने जायला चाकापाशी जेमतेम दोन हॉर्सपॉवर लागतात. रबरी पट्टा त्यातले सरासरी पंधरा टक्के तरी घसरण्यात आणि तापण्यात घालवतो, चांगली चेन आणि गिअर मिळून पाचेक टक्के. ढोबळ हिशेबाने लिटरला 80 देणारी गाडी 72 वर येते. ज्यासाठी डिझेल सांभाळायचं, तेच हातचं जाणार.

पट्टेवाला
हिशेब चढा लावलाय तुम्ही. हलक्या लोडवर बरंचसं डिझेल इंजिनच्या स्वतःच्या घर्षणावर जळतं आणि ते दोन्हीकडे सारखंच. म्हणून फरक आठचा नाही, चार-पाचचा धरा. आणि पुलीतले रोलर (फिरताना बाहेर फेकले जाऊन पुली दाबणारी वजनं) जड टाकून इंजिन 2,200 लाच ठेवलं तर तोही बराचसा भरून निघेल.

उद्यमनगर लेथ
घर्षणाचा मुद्दा मान्य. पण रोलरचं गणित बघा. स्कूटरचा व्हेरिएटर पाच-सहा हजार आरपीएमसाठी बनलेला असतो. रोलर बाहेर फेकणारं बल आरपीएमच्या वर्गाने बदलतं. आरपीएम निम्मं झालं की बल चौथाई, म्हणजे तोच दाब मिळवायला चौपट वजन हवं. तेवढ्या खाचेत ते बसवणार कुठे? त्यात स्कूटरचा सेंट्रिफ्युगल क्लच (आरपीएम वाढलं की आपोआप धरणारा) धरतोच 3,000 च्या आसपास, आणि तुमच्या इंजिनाची धाव 3,600 ला संपते. स्प्रिंग बदला, शू बदला, पुली नव्याने कातून घ्या. ही कामं आमच्याकडे होतात, पण अ‍ॅव्हरेजसाठी करून घेऊ नका असंच मी गिऱ्हाइकाला सांगेन.

चारखाली एक
बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सची सगळ्यात मोलाची गोष्ट अजून कोणी बोललंच नाही. त्याचा टॉप डायरेक्ट आहे. क्लचकडून आलेला शाफ्ट थेट स्प्रॉकेटशी जोडला जातो, मधे एकाही गिअरच्या जोडीवर भार नसतो. लेशाफ्ट, म्हणजे गिअरच्या जोड्यांचा बाजूचा शाफ्ट, नुसता फिरत राहतो. सपाटीवर जाणाऱ्या गाडीला याहून काटकसरी रचना कोणती? फक्त आत घट्ट ग्रीस कोंबू नका, थंडीच्या सकाळी ते घुसळण्यातच ताकद जाते. अमेरिकेच्या मरीन दलासाठी कावासाकी केएलआर 650 वरून जी डिझेल मोटारसायकल बनवली, तिच्यातही गिअरबॉक्सच ठेवला होता.

आंबा घाट रोजचा
सगळे सपाटीचंच बोलताय. 18 दात लावून साखरप्याहून वर चढून दाखवा. मागे माणूस बसला की चौथा सोडाच, तिसऱ्यातही इंजिन दबणार, मग दुसऱ्यात रडत जायचं. डिझेल इंजिनला दाबून चालवलं की काळा धूर येतो, आणि काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. तुमचं वाचवलेलं तिथेच गेलं. व्हेरिएटर निदान चढ बघून आपोआप खाली येतो.

चारखाली एक
घाट चौथ्यात चढतो कोण? तिसऱ्याचा रेशो साधारण 1.36, म्हणजे टॉपच्या तेवढ्या पट इंजिन फिरतं. 18 दातांवर ताशी 40 ला तिसऱ्यात इंजिन 2,600 च्या वर राहतं, तिथे ते दबत नाही. अगदीच तीव्र वळणांना दुसरा टाकायचा. पण रोजच घाट आणि रोजच डबलसीट असेल तर तुमचं खरं, 17 च्या वर जाऊ नये.

नवा गडी
माझ्याकडे पेट्रोल बुलेट 350 आहे. तिला डिझेल इंजिन टाकून हेच करता येईल का?

उद्यमनगर लेथ
भावा, नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पासिंग होणार नाही, अपघात झाला तर विमाही अडकेल. मिरजेच्या दादांचं वेगळं, त्यांची गाडी कारखान्यातूनच डिझेल आली.

मिरजेचा डिझेलवाला
माझं जाणंयेणं मिरज-तासगाव-सांगली, घाट वर्षातून क्वचित. तेव्हा 18 वरच ठाम आहे. पण पट्टेवाल्यांचा धक्क्याचा मुद्दा मला सोडवत नाही. गिअर बदलले आणि धक्का तसाच राहिला, तर नवे दातही जातील. इंजिनकडच्या स्प्रॉकेटवरचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मागच्या चाकातले रबर एकदम बदलून घेतो.

पट्टेवाला
रबर बदलाच, पण 2,000 च्या खाली टॉपमध्ये ओढत नेऊ नका, म्हणजे 40 च्या आत तिसरा. गावातून जाताना हे पाळणं जड जातं, म्हणून मी अजूनही पट्ट्याच्याच बाजूचा आहे.