समुद्रातील तेल खाणाऱ्या बुरशीवर किती भरवसा ठेवावा?

सूक्ष्मदर्शी

गोव्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यात नैऋत्येचे वारे सुरू झाले की कोलवा, बाणावली, कळंगुट येथील वाळूत डांबरगोळे येऊन पडतात, हे येथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. समुद्रावरून घरी आल्यावर तळपायाला चिकटलेले ते काळे डाग खोबरेल तेल चोळून काढण्यातच आमच्या मुलांचे लहानपण गेले. टँकर धुताना सोडलेले तेल असो, गळतीचे असो वा तेलविहिरींकडचे, त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेला जड भाग लाटांबरोबर फिरत फिरत गोळा होतो. सफाई कामगार तो उचलतात, पण त्याचे पुढे काय करायचे याचे धड उत्तर कोणाकडेच नाही.

माझे म्हणणे असे की, या जड अवशेषासाठी सागरी बुरशीचा गांभीर्याने विचार व्हावा. तेल खाणारे म्हणून आपण जीवाणूंचेच नाव घेतो आणि ते योग्यही आहे, कारण समुद्रावर सांडलेल्या तेलातील साध्या, सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचा फडशा तेच पाडतात. परंतु घट्ट गोळ्याच्या आत जीवाणू सहजासहजी शिरत नाहीत. बुरशीचे तंतू मात्र वाढत जाऊन त्यात घुसतात, आणि लाकूड कुजवण्यासाठी तिच्याकडे असलेली विकरे पेशीबाहेर स्रवत असल्याने अनेक वलयांचे चिवट रेणूही फोडू शकतात. विमानाच्या इंधनटाकीत तळाशी साचलेल्या थोड्याशा पाण्याच्या आधाराने वाढून गाळण्या तुंबवणारी बुरशी अभियंत्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. इंधन हेच तिचे अन्न असते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळी खाजणातील कुजत्या समुद्रगवतावरून वेगळी केलेली एक बुरशी पाण्यातून फेनॅन्थ्रीनसारखी अनेक वलयांची संयुगे काढून टाकते, हे 2006 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. घरच्या दारात असलेले हे ज्ञान प्रयोगशाळेच्या बाहेर का येत नाही?

दर्यावर्दी

बावीस वर्षे जहाजाच्या इंजिनखोलीत काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. खुल्या समुद्रात तेल सांडले की पहिले एक-दोन दिवस निर्णायक असतात. हलका भाग हवेत जातो, उरलेल्यात पाणी मिसळून तपकिरी, घट्ट लगदा होतो आणि त्याचे आकारमान मूळ तेलाच्या कितीतरी पट वाढते. या वेळेत तरंगते अडसर टाकून, वरचे तेल खेचून घेऊन जेवढे हाती लागेल तेवढे काढणे हेच खरे काम. बुरशीला वाढायला आठवडे लागतात आणि तोवर तेल किनाऱ्याला लागलेले असते. शिवाय तेलात कार्बन मुबलक असला तरी नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसते, आणि ते समुद्राच्या पाण्यातही तुटपुंजेच असते. नुसते जीव सोडून भागत नाही, त्यांना खतही द्यावे लागते.

1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज फुटल्यानंतर किनाऱ्यावर असे खत फवारले होते. काही ठिकाणी त्याचा उपयोगही झाला, पण दगडगोट्यांच्या खाली, जेथे प्राणवायू पोहोचत नव्हता तेथे अडकलेले तेल दशके उलटल्यावरही सापडत राहिले. बुरशीलाही प्राणवायू लागतोच. तेलाचे अनेक घटक खाणारा जीवाणू आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तयार केला, त्याच्या पेटंटवर 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ऐतिहासिक निकाल लागला, मात्र प्रत्यक्ष तेलगळतीवर तो कधी वापरला गेला नाही. प्रयोगशाळेतील चंचुपात्र आणि भरतीचे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिवरकाठ

आम्ही उरणकडचे, घरात तीन पिढ्यांची डोल, म्हणजे मासेमारीचे पिशवीसारखे जाळे. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे 800 टन तेल पाण्यात गेले, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. ओहोटीला खाडीत उतरलो, तर तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत एकाच रेषेत काळी झालेली होती. जणू कोणी पट्टी लावून रंगवली असावीत. मूळ बोटाने पुसले तर डाग बोटावर येई आणि मुळावरही तसाच राही. डोलीच्या दोऱ्याला वास राहिला तो राहिलाच. बाजारात आमची मासळी कोणी हातात घेईना.

किनारा खरवडता येतो, तिवर खरवडता येत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शी यांचे लिखाण वाचून आशा वाटली. पण एक भीतीही आहे. तेव्हा एका कार्यालयाची माणसे बाटल्यांत चिखल भरून घेऊन गेली, अहवाल मिळेल म्हणाली आणि तो आजतागायत आलेला नाही. उद्या कोणी फवारणी करून "निसर्ग आपोआप साफ करतो आहे" असे लिहून दिले, तर नुकसानभरपाईची फाइल तेथेच बंद होईल.

वेळणेश्वरी

माझा आक्षेप वेगळा आहे. आमच्या भागात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम चालते. वेळासपासून गोव्यातील मोरजी, आगोंद, गालजीबागपर्यंत ही घरटी याच वाळूत असतात आणि काही घरट्यांतून पिल्ले बाहेर पडेपर्यंत मे उजाडतो. तेल खाणाऱ्या बुरशींच्या यादीत फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस ही नावे हमखास येतात. केप व्हर्डे बेटांवर फ्युजेरियमच्या संसर्गाने कासवांची अंडी मोठ्या प्रमाणावर मेल्याची नोंद आहे, आणि कॅरिबियन समुद्रातील पंख्यासारख्या प्रवाळांना रोग लावणारी बुरशी अ‍ॅस्परजिलस कुळातीलच आहे. वाळूत घरटे असताना त्यावर अशी बुरशी शिंपडण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

दुसरे असे की, बुरशीने रेणू फोडला याचा अर्थ विष संपले असा होत नाही. बुरशीची काही विकरे आपल्या यकृतातील विकरांच्याच कुळातली आहेत, आणि बेंझोपायरीन या अनेक वलयांच्या रेणूला कर्करोगकारक रूप मिळते ते यकृतात याच विकरांनी केलेल्या बदलामुळे. अर्धवट तुटलेले पदार्थ मूळ तेलापेक्षा पाण्यात अधिक विरघळतात, म्हणजे ते शिंपल्यांच्या आणि मासळीच्या अंगात शिरणे उलट सोपे होते. "तेल कमी झाले" एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी आधी "त्याचे काय झाले" हे सांगावे.

सूक्ष्मदर्शी

वेळणेश्वरीताई, तुमचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, आणि मूळ लेखात तो माझ्याकडून राहिला ही चूकच झाली. वाळूवर किंवा खुल्या पाण्यात बुरशी सोडावी असे मी म्हणणार नाही. तिवरकाठ यांनाही खोटी आशा दाखवू इच्छित नाही: तिवरांखालच्या चिखलात दोन-चार बोटे खाली गेले की प्राणवायू संपतो, तेथे बुरशीचा पाड लागणार नाही.

माझा आग्रह उचललेल्या डांबरगोळ्यांपुरता आहे. तळाला जाड प्लास्टिक अंथरलेल्या, वरून पावसापासून झाकलेल्या खड्ड्यात ते गोळे भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा मिसळून ठेवावेत. हवा खेळण्यासाठी ढीग अधूनमधून परतावा, नत्र-स्फुरद मोजून द्यावे आणि निचऱ्याचे पाणी बाहेर जाऊ न देता साठवावे. बुरशी आपल्याच किनाऱ्यावरची, जातीनिशी ओळखलेली आणि रोगकारक नसलेली असावी.

2010 च्या मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझन तेलगळतीनंतर अमेरिकेच्या अलाबामातील दॉफिन बेटाच्या वाळूत सूक्ष्मजीवांची वस्ती पार बदलून बुरशींचे प्राबल्य झाल्याचे संशोधकांना आढळले. तेलाने माखलेल्या जागी बुरशी तग धरते, निदान एवढे तरी त्यावरून दिसते.

दर्यावर्दी

तग धरणे आणि तेल खाणे यांत गल्लत होते आहे. इतर जीव मेले म्हणून बुरशी उरली असेल, किंवा मेलेल्या जीवांवरच ती वाढली असेल. वाळूत कोण सापडले यावरून काम कोणी केले हे सिद्ध होत नाही.

खड्ड्याबद्दल म्हणाल, तर गोळा केलेला तेलकट कचरा सिमेंटच्या भट्टीत जाळता येतो आणि तेथील तापमानाला हे रेणू टिकत नाहीत. काही तासांचे काम महिन्यांवर का न्यायचे? माझ्या मते उपलब्ध पैसा आधी गोळ्यातील तेलाची रासायनिक ओळख पटवून ते कोणत्या जहाजाचे किंवा विहिरीचे आहे हे शोधण्यावर खर्च व्हावा. गुन्हेगार सापडला तर पुढच्या मेमध्ये गोळेच कमी येतील. तिवरकाठ यांना हवी असलेली भरपाईही त्याच पुराव्यावर मिळेल, बुरशीवर नाही.

तिवरकाठ

दर्यावर्दी साहेब, भरपाईचे तुमचे म्हणणे पटले. पण भट्टी कोठे आणि आमचा किनारा कोठे? गोळ्यांबरोबर निम्म्याहून अधिक वाळूच येते. ती पावसाळ्याच्या तोंडावर ट्रकमध्ये भरून घाट चढवायची कोणी? प्रत्यक्षात ती किनाऱ्यामागेच कोठेतरी पुरली जाते, हे आम्ही पाहिलेले आहे. पुरण्यापेक्षा झाकलेला खड्डा बरा, मात्र त्याच्या निचऱ्याची तपासणी गावाला दाखवून व्हावी.

सूक्ष्मदर्शी

भट्टी जवळ असेल तेथे भट्टीच वापरावी, याला माझी हरकत नाही. ओळख पटवण्यासाठी प्रत्येक खेपेचा नमुना आधी काढून ठेवावा, हेही योग्यच आहे. उरलेल्या ठिकाणांसाठी शेजारी शेजारी दोन खड्डे करावेत: दोन्हींत गोळे, पेंढा आणि खत सारखेच, बुरशी मात्र एकातच. सहा महिन्यांनी दोन्हींतील तेल मोजावे, आणि वेळणेश्वरीताई म्हणतात त्याप्रमाणे निचऱ्याचे पाणी शिंपल्यांच्या अळ्यांवर तपासावे. बुरशी न घातलेल्या खड्ड्यातही तेल तितकेच घटले, किंवा बुरशीच्या खड्ड्यातील पाणी अधिक विषारी निघाले, तर मी माझे म्हणणे याच धाग्यावर मागे घेईन.