मदत हवी आहे: व्हीलचेअरवरच्या बहिणीला बेळगावात एकटीनं राहायचंय

मंडळी, धाकट्या बहिणीला टिळकवाडीत नोकरी लागलीय. खानापूरहून रोज ये-जा नको, तिथंच खोली घेऊन राहते म्हणते. आईचं एकच पालुपद, "तुझं करायला कोण?" घरमालक म्हणतात, दोनच तर पायऱ्या आहेत. त्या दोन पायऱ्यांपाशीच घोडं अडलंय! बाथरूमचं दारही जेमतेम दोन फूट, व्हीलचेअर चौकटीलाच अडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं, त्यात मदतनीसाचीही तरतूद आहे. जास्त आधार लागत असेल तर कलम ३८ खाली अर्ज करता येतो. बेळगाव जिल्ह्यात कुणी केलाय का? तिच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. सकाळ-संध्याकाळ तासभर येणारी बाई, तळमजल्यावरची खोली, काहीही सुचवा. आश्रमांचे पत्ते तेवढे नकोत.